पाच काळ्या पट्ट्या आणि गिटारच्या पाच चौकटी

(एपिसोडचा लिखित मजकूर. जिथे गिटार किंवा पेटी वाजवून दाखवली आहे, तिथे चौकोनी कंसात नोंद केली आहे. हाताशी वाद्य असेल तर वाचताना थांबून वाजवून बघा.)

आजचा विषय तसा तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. गिटार न वाजवणाऱ्यांसाठीही यात बरंच काही आहे, कारण आज आपण गिटारपासून सुरुवात करून लेणी, देवगिरीचा दरबार आणि भजनातली पेटी असा फेरफटका मारणार आहोत.

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला एक टप्पा लागतो. कॉर्ड्स जमतात, दोनचार गाणी बसतात, आणि मग कुणीतरी सांगतं, "आता पेंटाटॉनिक शिक." पेंटाटॉनिक म्हणजे पाच स्वरांचा स्केल. गिटारच्या नेकवर तो पाच चौकटींमध्ये शिकवतात. प्रत्येक चौकटीत एका तारेवर दोन स्वर, म्हणजे सहा तारांवर बारा स्वर. ए मायनर पेंटाटॉनिक घेतला तर पहिली चौकट पाचव्या फ्रेटवर, दुसरी आठव्या, तिसरी दहाव्या, चौथी बाराव्या आणि पाचवी पंधराव्या फ्रेटच्या आसपास. सतराव्या फ्रेटवर पुन्हा पहिली. पाच स्वर, म्हणून पाच चौकटी.

[इथे पाचही चौकटी सलग वाजवल्या आहेत.]

मी या चौकटी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पाठ केल्या. अक्षरशः पाठ. पाच-आठ, पाच-सात, पाच-सात, पाच-सात, पाच-आठ, पाच-आठ. डोक्यात आकडे, बोटांत आकार. पुढची सहासात वर्षं मला वाटत होतं की आपल्याला पेंटाटॉनिक येतो.

हा गैरसमज दूर झाला आमच्या गावच्या भजनात. गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या बाजूला. एकादशीला देवळात भजन असतं. मंडळातले एक काका म्हणाले, "गिटार आणलीयस तर बस की आमच्यात." मी बसलो. गाणाऱ्यांची पट्टी काळी चार. मी मोबाईलवर बघितलं, काळी चार म्हणजे जी शार्प. सोपं आहे, पहिली चौकट एक फ्रेट खाली, चौथ्या फ्रेटवर. सा बरोबर लागला. दुसराच स्वर लावला आणि पखवाजवाल्याने मान वर करून बघितलं. अभंगाची चाल भूपात होती. भूपात शुद्ध गंधार. माझ्या चौकटीत सा नंतर येतो कोमल गंधार. गाणारे शुद्ध गंधारावर उभे, आणि मी त्यांच्या शेजारी कोमल गंधार दाबून धरलेला. दोन कडव्यांनंतर मी तारांवर हात ठेवून गप्प बसलो.

भजन संपल्यावर चहा पिताना पेटीवाल्या बुवांनी मला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझी बोटं बरोबर पडतात रे. पन तू बोटं पाठ केलीस, सा पाठ नाय केलास. हे बघ." आणि त्यांनी पेटीवर फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सुरुवात केली.

आजचा एपिसोड त्या दहा मिनिटांबद्दल आहे.

## काळ्या पट्ट्यांचा खेळ

पेटी ज्यांनी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गायकाची पट्टी सांगताना पेटीवरच्या पट्टीचा रंग आणि क्रमांक सांगतात. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच. आणि हे पाच स्वर मिळून तयार होतो नेमका पेंटाटॉनिक.

बुवांनी काय केलं, तर काळ्या पट्ट्या त्याच ठेवल्या आणि फक्त सा बदलत गेले.

काळी तीनला सा मानला: सा रे ग प ध. सगळे शुद्ध. हा भूप.

काळी चारला सा: सा रे म प, आणि कोमल नी. हे मधमाद सारंगाचे स्वर. मेघही याच स्वरांचा.

काळी पाचला सा: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस!

पुढच्या सप्तकातल्या काळी एकला सा: सा रे म प ध. हा दुर्गा.

काळी दोनला सा: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी.

[इथे पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर पाचही आरोह वाजवले आहेत. एकही पांढरी पट्टी वापरलेली नाही.]

आता गिटारवर परत या. आपण ज्याला ए मायनर पेंटाटॉनिक म्हणतो ते धानीचे स्वर आहेत. सगळ्यात जाड तारेवर पाचव्या फ्रेटला सा मानला तर धानी. त्याच चौकटींत आठव्या फ्रेटला सा मानला तर भूप. दहाव्याला मधमाद सारंग, बाराव्याला मालकंस, पंधराव्याला दुर्गा. म्हणजे ज्या पाच चौकटी मी एकाच स्केलचे पाच तुकडे म्हणून पाठ केल्या होत्या, त्यांतली प्रत्येक चौकट एका वेगळ्या रागाच्या सा वरून सुरू होते. आणि त्या दिवशी भजनात मला फक्त तीन फ्रेट खाली सरकायचं होतं. पहिल्या फ्रेटपासून तीच चौकट धरली असती आणि सा चौथ्या फ्रेटवरच ठेवला असता, तर तो भूप होता.

बुवांना मायनर, मेजर, चौकट यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी या प्रकाराला एक शब्द वापरला: मूर्च्छना. मी घरी येऊन वाचायला लागलो, आणि हा शब्द किती मागे जातो ते बघून थक्क झालो.

## घाटाच्या दोन बाजू

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मूर्च्छना आहे. हा ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, दोनशे वर्षं इकडे किंवा तिकडे. मूर्च्छनेची कल्पना सोपी आहे. सात स्वरांची एक ठरलेली मांडणी घ्या, त्याला ग्राम म्हणायचं. मग सुरुवात वेगवेगळ्या स्वरांपासून करा. प्रत्येक सुरुवातीची एक मूर्च्छना. षड्जग्रामाच्या सात आणि मध्यमग्रामाच्या सात, अशा चौदा.

पण त्या काळात लोकांना हे सुचलं कसं? याचं उत्तर वाद्यात आहे. नाट्यशास्त्रातली वीणा आजच्या सतारीसारखी पडद्यांची नव्हती. ती धनुष्याच्या आकाराची, हार्पच्या जातीची. चित्रा नावाच्या वीणेला सात तारा, विपंचीला नऊ. प्रत्येक स्वराला स्वतःची तार. अशा वाद्यावर सगळ्या तारा एकदा लावल्या की बोट कुठून सुरू करायचं एवढाच प्रश्न उरतो. दुसऱ्या तारेपासून सुरू केलं की स्वरांमधली अंतरं वेगळ्या क्रमाने येतात आणि ऐकणाऱ्याला वेगळंच काही ऐकू येतं. तारा त्याच, भाव वेगळा. बुवांनी काळ्या पट्ट्यांवर केलं ते हेच.

ही वीणा बघायची असेल तर आपल्याला लांब जावं लागत नाही. कर्जतहून पुण्याची गाडी पकडा, मागून बँकर इंजिन लागेल, घाट चढा, लोणावळ्यानंतर मळवली. तिथे भाजे लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. एका विहारात कोरीव काम आहे, त्यात एक जण बसून हार्पसारखी वीणा वाजवतोय आणि शेजारी कुणी नाचतंय. घाटाच्या खाली, कर्जत तालुक्यात, त्याच काळातली कोंडाणे लेणी आहेत. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर नाचणाऱ्या आकृती आहेत. पावसाळ्यात धबधब्यासाठी हजारो लोक कोंडाण्याला जातात. पुढच्या वेळी जरा मान वर करून बघा.

## हिशेबनीसाचा ग्रंथ

आता तेराव्या शतकात येऊ. ठिकाण देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबाद. यादव राजा सिंघण. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक माणूस होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. याचं काम काय, तर राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. दिवसभर हिशेब, आणि उरलेल्या वेळात त्याने संगीतरत्नाकर लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आपला मानतात. नोकरी सांभाळून छंद जोपासणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसाचा फोटो भिंतीवर लावायला हवा. पण फोटो नाही.

शार्ङ्गदेवाने सहा आणि पाच स्वरांच्या तानांचाही हिशेब मांडला. पाच स्वरांसाठी आजही आपण वापरतो तो शब्द म्हणजे औडव. पण मला वेड लावलं ते त्याच्या प्रस्ताराने. प्रस्तार म्हणजे स्वरांची उलटापालट करून होणारे सगळे क्रम. सात स्वरांचे ५०४० क्रम होतात, पाच स्वरांचे १२०. शार्ङ्गदेव तिथे थांबत नाही. तो विचारतो, समजा मला यादीतला अमुक क्रमांकाचा क्रम हवा आहे, तर सगळी यादी न लिहिता तो कसा काढायचा? याला नष्ट म्हणतात. आणि उलट, एखादा क्रम दिला तर तो यादीत कितवा? याला उद्दिष्ट. दोन्हींसाठी त्याने खंडमेरू नावाचा आकड्यांचा तक्ता दिला आहे.

माझ्या श्रोत्यांत बरेच जण आयटीतले आहेत. तुम्हाला हे ओळखीचं वाटलं असेल. क्रमचयाचा क्रमांक काढणं आणि क्रमांकावरून क्रमचय काढणं, मुलाखतीत विचारतात तो प्रश्न. मी तो एका इंटरव्ह्यूत चुकलो होतो. तेराव्या शतकात मराठी मुलखात एका हिशेबनीसाने तो तानांसाठी सोडवून ठेवला होता हे तेव्हा माहीत असतं तर निदान समोरच्याला गोष्ट तरी सांगितली असती.

## सा स्थिर झाला

मग मूर्च्छना गेली कुठे? ती गेली नाही, पण मागे पडली. कारण पुन्हा वाद्यच. हार्पसारख्या वीणा हळूहळू लोप पावल्या आणि पडद्यांच्या वीणा आल्या. पडद्याच्या वाद्यावर एकाच तारेवर सगळे स्वर काढता येतात. सोबत सा चा अखंड सूर धरायची पद्धत रुजली. तंबोरा वाजत असताना सा हलवता येत नाही, कारण तो कानात सतत चालू असतो. मग विचार असा बदलला: सा एकच, स्थिर. रागानुसार बाकीचे स्वर कोमल, शुद्ध किंवा तीव्र होतील. यातून मेल आले, आणि पुढे थाट.

थाटांची आजची व्यवस्था लावली ती मुंबईच्या एका वकिलाने. विष्णू नारायण भातखंडे, जन्म १८६०, वाळकेश्वर. त्यांनी देशभर फिरून चिजा आणि जुने ग्रंथ गोळा केले, दक्षिणेतला ७२ मेलांचा विचार अभ्यासला आणि हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट मांडले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे, चार भागांत, आणि गुरू-शिष्यांच्या गप्पांच्या रूपात. म्हणजे आजच्या भाषेत जवळजवळ पॉडकास्टच. पहिला भाग १९१० चा.

आता गंमत बघा. बुवांनी काळ्या पट्ट्यांवर वाजवलेले पाच राग थाटांत टाकले तर कुठे जातात? भूप कल्याण थाटात. दुर्गा बिलावलमध्ये. मधमाद सारंग आणि धानी काफीत. मालकंस भैरवीत. एकाच पाच स्वरांच्या साखळीतून निघालेले राग चार थाटांत विखुरले. थाटाची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. शिकवायला, वर्गीकरणाला ती सोयीची आहे म्हणूनच टिकली. पण प्रत्येक तक्ता काहीतरी दाखवतो आणि काहीतरी झाकतो. थाट या पाच रागांचं नातं झाकतो, मूर्च्छना ते उघड करते.

आणि मूर्च्छनाही काही झाकते. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. स्वर तेच, सा रे ग प ध. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देसकार बिलावलमध्ये. भूपात वादी गंधार, संवादी धैवत. देसकारात उलट, वादी धैवत. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. भूपात चाल खालच्या अंगात रमते, देसकार वरच्या अंगात उघडतो. गिटारच्या चौकटीला यातलं काहीच कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही एकच आकार.

[इथे आधी भूप, मग देसकार, एकाच चौकटीत वाजवला आहे.]

ज्यांना रागांची सवय नाही त्यांच्यासाठी ओळखीची उदाहरणं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. त्यातलं पहिलं गीत भूपात आहे. १९५२ च्या 'बैजू बावरा'मधलं रफींनी गायलेलं भजन, नौशाद यांची चाल, ते मालकंसात. दोन्ही मनात आठवून बघा. आता एवढंच लक्षात ठेवा की दोन्ही काळ्या पट्ट्यांवर वाजतात. एकाचा सा काळी तीन, दुसऱ्याचा काळी पाच.

## पेटी आणि तिची बदनामी

मूर्च्छना दाखवायला बुवांना पेटी लागली, आणि पेटी मुळात परदेशी. युरोपात पायाने भाता मारायचं हार्मोनियम होतं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची पेटी बनवली. जमिनीवर बसून, एका हाताने भाता, एका हाताने स्वर. कीर्तन, भजन, नाटक, सगळीकडे ती बसली. तोपर्यंत आपल्या भागात रेल्वे येऊन बराच काळ झाला होता. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून वर गेली. मुंबई-पुण्यातलं जे काही होतं ते आमच्या दारावरून जायला लागलं. आजही कार्तिकात आळंदीला जाणाऱ्या कोकणातल्या दिंड्या खोपोलीवरून घाट चढतात, आणि मुक्कामाच्या भजनात पेटी असते.

पण जाणकारांचा पेटीवर राग होता. पेटीत मींड नाही, दोन स्वरांमधली जागा नाही. आणि तिचे स्वर समान अंतराने कापलेले. कानाला नैसर्गिक वाटणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, पेटीवर तो ४०० वर. चौदा सेंट चढा. धैवत सोळा सेंट चढा. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. म्हणजे भूपाचे जे दोन स्वर सगळ्यात महत्त्वाचे, तेच पेटीवर सगळ्यात जास्त हललेले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासोबत श्रुतींची पेटी पुढे आणली. १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वाद झडला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं.

त्या तीस वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती, पण गावोगावच्या देवळात ती रोज वाजत होती. बुवा तेव्हाच शिकले. त्यांना या बंदीबद्दल सांगितलं तर हसले. म्हणाले, "आमच्याकडं रेडिओच नव्हता, आमाला कोन सांगनार?"

## गिटारच्या उघड्या तारा

गिटारवरही तोच आरोप करता येतो, कारण तिचे फ्रेटही समान अंतराचे. पण गिटारच्या तारेला ताणता येतं. तार बोटाने ओढली की स्वर चढतो, आणि ती आपली मींड होते. ब्लूज वाजवणारे याच पेंटाटॉनिकच्या कोमल गंधाराला किंचित ओढून कोमल आणि शुद्धच्या मध्ये नेतात. ब्लूजचा सगळा जीव तिथे आहे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गिटार हातात घ्या आणि काहीही न दाबता सहाही तारा छेडा. ई, ए, डी, जी, बी, ई. यात वेगळे स्वर किती? पाच. आणि हे पाच स्वर म्हणजे नेमका पेंटाटॉनिक. जी ला सा मानला तर भूप. ए ला मधमाद सारंग, बी ला मालकंस, डी ला दुर्गा, ई ला धानी. पाचही रागांचे सा उघड्या तारांवरच आहेत.

हा योगायोग नाही. भूप तयार कसा होतो बघा. सा पासून पंचम घ्या: प. त्याचा पंचम रे. त्याचा पंचम ध. त्याचा ग. सा, प, रे, ध, ग. षड्ज-पंचम भावाच्या पाच पायऱ्या, आणि भूप पूर्ण. आता हीच साखळी उलटी वाचली की पंचमाऐवजी मध्यमाच्या उड्या होतात. गिटारच्या तारा मध्यमाच्या अंतराने लावतात. बी, ई, ए, डी, जी ही मध्यमांची अखंड साखळी आहे. फक्त जी पासून बी या एका ठिकाणी अंतर गंधाराचं आहे. म्हणूनच चौकट त्या तारेवर आली की एक फ्रेट पुढे सरकते. मी अनेक वर्षं तो सरकलेला आकार नुसता पाठ केला होता. कारण कळल्यावर पाठांतराची गरजच राहिली नाही.

युरोपात आधी गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. सहावी, खालची ई, अठराव्या शतकाच्या शेवटी आली. ती ई आधीच वरती होती, म्हणजे नवी तार आली तरी वेगळे स्वर पाचच राहिले.

आपल्या रागांत गिटार बसते का, याचं उत्तर १९६७ मध्ये मिळालं. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर धातूचा तुकडा सरकवत राग वाजवले. त्यात फ्रेटचा प्रश्नच मिटतो, मींड हवी तेवढी. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्याच वर्षीची. तबल्यावर माणिकराव पोपटकर. त्यात भूप आहे. जरूर ऐका, गंधारावर काब्रा किती वेळ थांबतात ते मोजा.

## मग सराव कसा करायचा?

बुवांचं ऐकून मी सराव बदलला. तुमच्यापैकी कुणी चौकटींत अडकलं असेल तर हे करून बघा.

एक. मोबाईलवर तंबोरा लावा आणि सा पक्का करा. तंबोरा चालू नसताना चौकट वाजवायची नाही. कारण सा कानात नसेल तर पाचही राग एकच वाटतात.

दोन. एक चौकट धरा, पाचव्या फ्रेटचीच. हात हलवायचा नाही, तंबोऱ्याचा सा बदलायचा. ए, मग सी, डी, ई, जी. बोटं तीच, राग पाच. ई ला सा केलात की मालकंस येईल. त्यात पंचम नाही, तेव्हा तंबोरा सा-म चा ठेवा.

तीन. आता उलट. तंबोरा सी वर ठेवा आणि पाचही चौकटींत फक्त भूप वाजवा. प्रत्येक चौकटीत आधी सा शोधा, मग गंधार. हे दोन सापडले की बाकी तीन आपोआप सापडतात.

चार. ओळखीची एक चाल घ्या आणि ती नेकवर तीन वेगळ्या ठिकाणी वाजवा. आकडे न बोलता, सरगम म्हणत. माझी बोटं आकड्यांतून सुटायला चार महिने लागले.

## शेवटचं

हा एपिसोड करायचं एक कारण अजून सांगायचं राहिलंय.

बुवांची बोटं आता आखडतात. गेल्या वर्षापासून ते एकादशीला अर्धंच भजन वाजवतात, उरलेलं भजन नुसतं टाळ-पखवाजावर. आजूबाजूच्या काही मंडळांत तर पेनड्राइव्ह आणि स्पीकर आलाय. त्यात वाईट काही नाही, गावात माणसंच राहत नाहीत. सकाळच्या कर्जत लोकलला या, आमच्या वयाची सगळी मुलं तिथे भेटतील. मीही तिथलाच. पण पेनड्राइव्हची पट्टी ठरलेली असते. त्या दिवशी गाणाऱ्याचा घसा बसला असेल तर ती अर्धा स्वर खाली येत नाही. बुवा येतात. गाणाऱ्याने पहिला सूर लावला की दुसऱ्या क्षणी त्यांचा हात नवीन पट्टीवर असतो.

त्यांनी मला विचारलं, पेटी शिकशील का. मी म्हटलं, बुवा, मला गिटार येते. ते म्हणाले, "मंग गिटारवर धर. देवाला काय फरक पडतोय? फकस्त सा गानाऱ्याचा धर, तुजा नको."

तर गेल्या तीन एकादश्या मी बसतोय. पहिल्या वेळी दोन चाली जमल्या, आता सात जमतात. काळी चारचा भूप पहिल्या फ्रेटच्या चौकटीत, सा चौथ्यावर. पखवाजवाला आता मान वर करून बघत नाही. चुकलो तर बुवा पेटीवरून एक स्वर हळूच दाबून दाखवतात, आणि तो बहुतेक वेळा गंधार असतो.

तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत, तुमच्या नात्यात असे कुणी पेटीवाले असतील तर एक दिवस त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांना फक्त काळ्या पट्ट्या वाजवायला सांगा आणि सा बदलायला सांगा. जमलं तर त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये आपण ते सगळे मिळून ऐकू.

तोपर्यंत, सा पक्का ठेवा. भेटू पुढच्या वेळी.

[इथे देवळातल्या भजनाची नोंद आहे: पेटी, पखवाज, टाळ आणि मागे गिटार. पट्टी काळी चार.]